बारा बोअर दुनळीचा डावा घोडा तुटलाय: वेल्ड, डाग की नवा घोडा?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. घरात आजोबांच्या वेळची बाहेरून घोडे असलेली बारा बोअर दुनळी आहे. परवाना वारसाहक्काने माझ्या नावावर झालाय. बंदूक निफाडला घरीच असते.

लॉकच्या (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पाटीवर आर. बी. रॉडा, कलकत्ता असं कोरलंय. नळ्या दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या; लॉक बॅक अॅक्शन. नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूला बर्मिंगहॅमचे प्रूफचे (दाबाच्या चाचणीचे) शिक्के आहेत, चौकटीसारख्या समभुज आकारात १२ आणि सी, शेजारी १३/१. 'नायट्रो प्रूफ' असे शब्द कुठेही नाहीत.

कपाट सरकवताना बंदूक रिकामीच खाली आली आणि डावा घोडा उंबऱ्याच्या कडेवर आपटला. अंगठ्याने ओढायचं टोक मानेपासून तुटून वेगळं झालं. तुकडा सापडलाय. तुटलेली जागा करड्या रंगाची आणि दाणेदार दिसते, कडेला पातळ उजळ रेघ आहे. उजवा घोडा शाबूत आहे.

तुकडा वेल्ड करावा, चांदीची डाग द्यावी की नवा घोडा बनवून घ्यावा? परदेशात असे घोडे कच्च्या ओतीव स्वरूपात विकत मिळतात असं वाचलं. अंबडला ओळखीचा टिगवाला (टिग पद्धतीने वेल्ड करणारा) आहे, हात चांगला आहे त्याचा.

लोहारसाळ

टिगवाल्याकडे जाण्याआधी एक तपासणी करा. तुटलेलं टोक डोळ्यांना दिसतंय, पण मला काळजी आतल्या भागाची वाटते.

आधी दोन्ही चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) उघडून रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. आता बंदूक बंद करा आणि दोन्ही घोडे खाली विश्रांतीत असू द्या. चापाला हात न लावता आधी उजवा घोडा अंगठ्याने पुढे, स्ट्रायकरच्या (काडतुसावर ठोका देणाऱ्या खिळ्याच्या) दिशेने दाबा. मग तसाच डावा दाबा. दोन्ही घोडे स्ट्रायकरपासून किती लांब थांबतात, दाबल्यावर हलतात का, आणि सोडल्यावर मागे येतात का, हे लिहा.

दस्त्याची मान, म्हणजे लॉकच्या पाटीमागची बारीक जागा, बॅटरीच्या उजेडात तिरकी धरून बघा. बॅक अॅक्शनमध्ये मेनस्प्रिंग, म्हणजे घोड्याला जोर देणारी कमान, घोड्याच्या मागे याच लाकडात बसते, त्यामुळे लाकूड आतून पोखरलेलं असतं. पडल्यावर तडा जातो तो बहुधा इथेच, पाटीच्या मागच्या टोकापासून.

कादवाकाठ

पाहिलं. दोन्ही घोडे स्ट्रायकरपासून साधारण ३ मिमी मागे थांबतात. उजवा दाबला तर जागचा हलत नाही. डावा दाबला की पुढे जाऊन स्ट्रायकरला टेकतो, सोडला की परत मागे येतो. लाकडाला तडा दिसत नाही.

लोहारसाळ

हीच भीती होती. तुमचं लॉक रिबाउंडिंग आहे. वोल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टँटन यांनी १८६७ मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत. घोडा पडून स्ट्रायकरवर ठोका देतो, लगेच मेनस्प्रिंगचा दुसरा हात टंबलरला (घोडा ज्यावर बसतो त्या आतल्या फिरत्या भागाला) थोडा मागे ढकलतो, आणि त्याच क्षणी सिअरचं (टंबलरला अडवणाऱ्या खिटीचं) नाक टंबलरच्या खोल खाचेत शिरतं. एकदा नाक तिथे बसलं की चाप ओढल्याशिवाय घोडा पुढे जाऊच शकत नाही. तुमचा उजवा घोडा हलत नाही तो म्हणूनच. डावा पुढे जातो, म्हणजे डाव्या सिअरचं नाक त्या खाचेत नीट बसत नाहीये.

आता पडण्याची दिशा बघा. टोकावर मागून मार बसला, घोडा पुढे ढकलला गेला आणि तो सगळा जोर सिअरच्या नाकाने अडवला. नाक पाण्याने कडक केलेलं असतं, त्यामुळे ते वाकत नाही, त्याची कपची उडते. म्हणजे टोक आणि नाक दोन्ही एकाच माराने गेलेत, असं माझं मत. बाहेरचं टोक जोडून बंदूक 'दुरुस्त झाली' म्हणून भिंतीवर टांगली तर ती आजच्याइतकीच धोकादायक राहील. काडतूस भरलेलं असताना हाच मार बसला तर बार उडेल.

लॉक उघडल्यावर कारागिराने तीन गोष्टी भिंगाखाली बघायच्या. सिअरचं नाक: धार सरळ आहे की कोपरा उडालाय. टंबलरची खोल खाच: तिचा ओठ शाबूत आहे का. आणि सिअरची छोटी कमान: ती तुटली किंवा मेली असेल तर नाक चांगलं असूनही खाचेत उतरत नाही. तिसरं निघालं तर स्वस्तात सुटलात.

नाक उडालं असेल तर सिअर नवा करावा. जुन्यावर वेल्ड चढवून घासता येतो, पण नाक ते पिव्होट हे अंतर एवढंसं असतं की ताव सगळा भाग मऊ करतो, मग पुन्हा पाणी द्यावंच लागतं. मग नवाच का नको? खाचेचा ओठ गेला असेल तर टंबलर नवा. खाच पॉलिश पेपरने 'नीट' करणारा माणूस भेटला तर बंदूक उचलून परत या. टंबलरवर ती कातडीएवढी कडक थराची जागा असते, ती घासली की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं आणि वर्षभरात चाप आपोआप हलका होत जातो.

पाटी काढल्यावर तिच्या आतल्या बाजूचा फोटो जरूर घ्या. बाहेर रॉडाचं नाव आहे ते विकणाऱ्याचं. लॉक बनवणाऱ्याचा शिक्का बहुतेक वेळा आत असतो, आणि त्यावरून सिअर-टंबलरची घडण ओळखायला मदत होते.

ताव-पाणी

लोहारसाळ यांच्याशी सहमत. घोड्यापुरतं लिहितो.

करडी दाणेदार जागा आणि कडेची उजळ रेघ हे वर्णन अगदी बरोबर जुळतं. त्या काळचे घोडे घडाऊ लोखंडाचे, वरून केस हार्डनिंग. ती उजळ रेघ म्हणजे कार्बन शिरलेला कडक थर, जाडी मिलिमीटरच्या काही दशांश. आत मऊ, चिवट लोखंड. तडा कडक थरातून सुरू होतो आणि मानेच्या अरुंद जागेत आरपार जातो.

चांदीची डाग मोहक वाटते, ताव कमी लागतो म्हणून. ६२० ते ७०० अंशांत काम होतं. पण दोन अडचणी आहेत. डागेची ताकद सांध्याच्या क्षेत्रफळावर आणि फटीवर असते, फट ०.०५ ते ०.१ मिमी हवी. इथे समोरासमोरचा छोटा सांधा, आणि तो अंगठ्याने दर वेळी लिव्हरसारखा ओढला जाणार. मधून २ मिमीची पिन घातली तर टिकेल, पण घोड्याची मान तेवढी जाड असली पाहिजे. दुसरी अडचण पुढची: एकदा चांदी लावली की त्या घोड्याला केस हार्डनिंग कधीच करता येणार नाही. त्याला ८५० ते ९०० अंश लागतात, सांधा भट्टीतच सुटून पडेल.

म्हणून टिग. कारागिराला हे सांगा:

घोडा लॉकवरून उतरवूनच काम. स्क्रू काढल्यावर घोडा टंबलरच्या चौकोनावर घट्ट बसलेला असतो. तो स्क्रू ड्रायव्हर खाली घालून उचकटला की पाटीला कायमचा ओरखडा पडतो आणि चौकोन पसरतो. आधी मेनस्प्रिंग क्लॅम्पने दाबून काढायची, मग सिअर आणि ब्राइडल (टंबलर-सिअरला वरून धरणारी पट्टी), मग घोड्याला खालून आधार देऊन टंबलर पायलट (पुढे बारीक टोक) असलेल्या पंचाने मागे ठोकायचा. पायलट स्क्रूच्या भोकात मोकळा जाईल असा, म्हणजे आटे वाचतात.

वेल्डच्या आधी तुकडा फेविक्विकने चिकटवून घोडा जागेवर बसवून बघा. मागून पाहिलं तर दोन्ही टोकं एका उंचीला आणि एकाच कोनात हवीत. उजवा घोडा डाव्याची नक्कल नसतो, आरशातलं प्रतिबिंब असतो, त्यामुळे टेम्प्लेट उलटी करून लावायची. फोटो काढून घ्या. मग अॅसिटोनने गोंद पूर्ण साफ, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे येतात.

दोन्ही बाजूंनी व्ही आकाराची खाच घासायची, पण मधली मिलिमीटर-दीड मिलिमीटर तुटलेली जागा तशीच ठेवायची. ते दाणे एकमेकांत बसतात आणि जुनी रेषा आपोआप सापडते. कडेचा कडक थर व्हीमध्ये पूर्ण घासून काढायचा, नाहीतर वेल्डच्या शेजारी नवा तडा जाईल.

फिलर, म्हणजे वेल्डमध्ये वितळवायची तार, ईआर ७०एस-२. घडाऊ लोखंडात स्लॅगचे धागे असतात, ताव बसला की ते उकळून वर येतात. या फिलरमधले डीऑक्सिडायझर ते सांभाळून घेतात. कमी अँपिअर, छोटे टप्पे, प्रत्येक टप्प्यानंतर ब्रशने साफ. घोड्याचं नाक, म्हणजे स्ट्रायकरवर ठोका देणारा भाग, आणि चौकोनी भोक या दोन्ही जागा तांब्याच्या ठोकळ्यांत आवळून ठेवायच्या, म्हणजे ताव तिकडे जात नाही. नाक मऊ झालं तर स्ट्रायकरच्या डोक्याची छाप त्यावर खोल पडत जाते आणि ठोका हलका होतो. झाल्यावर पाण्यात बुडवायचं नाही, कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ द्यायचं.

मग कानस, टोकावरची चौकडी पुन्हा काढणं आणि रंग. जोडलेल्या टोकाला पुन्हा केस हार्डनिंगची गरज नाही. सगळा घोडा भट्टीत टाकला तर चौकोनी भोक किंचित हलतं आणि घोडा टंबलरवर ढिला बसू लागतो, तो दोष या दोषापेक्षा वाईट.

तुकडा हरवला असता किंवा नाकाला तडा असता तर नवा घोडा. त्यासाठी २०एमएनसीआर५ वापरा, गिअर बनवणाऱ्यांमुळे सातपूर-अंबडकडे ते सहज मिळतं आणि केस हार्डनिंगसाठीच असतं. फ्री कटिंगचं ईएन१ए घेऊ नका, त्यातल्या गंधकामुळे पुढे वेल्डला त्रास होतो.

परवाना-पेटी

मित्रांनो, वरचं सगळं तंत्र योग्य आहे, पण अंबडच्या टिगवाल्याकडे हा घोडा नेऊ नका. सुटा घोडासुद्धा नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती, चाचणी किंवा प्रूफ करायला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. बिनपरवाना दुरुस्तीला कलम २५ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे किमान शिक्षा सात वर्षं आहे. ओळखीच्या माणसाला त्या खाईत ढकलू नका.

'जुनी आहे, अँटिक आहे' हा बचावही इथे चालत नाही. कलम ४५ मधली सूट जुन्या किंवा मोडक्या शस्त्रासाठी आहे, पण ते दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. तुमची बारा बोअर दुरुस्त होऊ शकते. विषय संपला.

परदेशातून कच्चा घोडा मागवणंही तसंच. आयातीला कलम १० खाली परवाना लागतो. पार्सल कस्टममध्ये अडेल आणि चौकशी तुमच्या पत्त्यावर येईल.

मार्ग सरळ आहे. दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडे द्या, परवान्याची मुदत दुकानातच वाचून घ्या. मूळ शस्त्रपरवाना सोबत, बंदूक नळ्या उतरवून पिशवीत, काडतुसं घरी. पावतीवर बंदुकीचा नंबर, तुटलेला तुकडा सोबत दिल्याची नोंद आणि तारीख हवी. बदललेला जुना सिअर किंवा टंबलर परत मागा आणि तोही पावतीत लिहून घ्या.

निफाड ग्रामीण हद्दीत आहे, म्हणजे तुमचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडचा. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे तिथले परवाने आयुक्त देतात. बंदूक दुसऱ्या जिल्ह्यात दुरुस्तीला न्यायची असेल तर तुमच्या परवान्यावरचं क्षेत्र आधी बघा. आणि आचारसंहितेचा काळ टाळा, तेव्हा शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात आणि बंदूक कारागिराकडे अर्धवट उघडी असेल तर सगळ्यांचीच पळापळ होते.

जुनी नळी

घोडा आणि सिअर नीट झाले तरी काडतूस भरायचं की नाही हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कुणी विचारला नाही म्हणून लिहितो.

समभुज आकारातलं १२ सी हे चिन्ह १८८७ च्या नियमांपासूनचं, म्हणजे बंदूक त्यानंतरची. नायट्रो प्रूफ लिहिलेलं नाही, म्हणजे या नळ्यांची चाचणी फक्त काळ्या बारूदसाठी झाली. आज दुकानात मिळणारं प्रत्येक बारा बोअर काडतूस धूरविरहित बारूदचं आहे. तेव्हा या नळ्यांत ते घालू नये. दमास्कस आहे म्हणून नव्हे. दमास्कसच्या नायट्रो प्रूफ झालेल्या नळ्याही असतात. तुमच्या नळ्यांना तो शिक्काच नाही.

१३/१ म्हणजे त्या वेळी बोअर (नळीचा आतला व्यास) ०.७१९ इंच होता, १८.२६ मिमी. मागच्या टोकापासून ९ इंचांवर बोअरगेजने मोजायचा. तो ०.७२९ इंच, म्हणजे १८.५२ मिमी झाला असेल तर गंज घासता घासता नळी पुढच्या मापात गेली, आणि जुनं प्रूफही बाद. भिंतीची जाडी नळीच्या मधल्या भागात बाहेरून-आतून मोजणाऱ्या गेजने बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली कुठेही गेली तर नळी फक्त बघण्यापुरती.

चेंबरही मोजून घ्या. त्या काळच्या बारा बोअरचा तो बहुतेक अडीच इंची, ६५ मिमी असतो. ७० मिमीचं काडतूस त्यात आरामात बसतं, फसगत तिथेच होते. उडाल्यावर त्याची घडी उलगडते ती चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात, आणि दाब वाढतो.

पडलेल्या बंदुकीची एक तपासणी घरीही होते. नळ्या उतरवा, खालच्या हुकात दोरी अडकवून लोंबत्या धरा आणि लाकडी चमच्याने हलकेच टोला द्या. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर रिब (दोन नळ्यांना जोडणारी पट्टी) घट्ट. बद्द आवाज आला किंवा खरखर आली तर कुठेतरी डाग सुटलीय.

कादवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. घोडा अंबडला नेत नाही. बंदूक चालवायची इच्छा नव्हतीच, पण धोकादायक अवस्थेत घरात ठेवायची नाही. परवानाधारक कारागिराकडे देतो.

नळ्या वाजवून पाहिल्या, नाद लांब येतो. दोनच शंका. घोड्याच्या मानेवर बारीक वेलबुट्टी कोरलेली होती, ती तुटलेल्या जागेवरून जाते. सराफ बाजारात खोदकाम करणारे आहेत, ते करतील का? आणि काम झाल्यावर मी स्वतः काय तपासून घेऊ?

ताव-पाणी

खोदकाम होईल, पण क्रम पाळा. वेल्ड, कानस, मग खोदकाम, मग रंग. ईआर ७०एस-२ मऊच राहतं, त्यावर हत्यार छान चालतं. अडचण वेल्डला लागून असलेल्या जुन्या कातडीची. तिथे कार्बन आहे, आणि तांब्याच्या ठोकळ्यांमुळे ती झटकन थंड झाली तर काचेसारखी होते. चांदी-सोन्यावर काम करणाऱ्याचं हत्यार तिथे टोकाला तुटतं. म्हणून खोदकामाआधी तेवढीच जागा निळी पडेपर्यंत, ३०० अंशांच्या आसपास, छोट्या ज्वाळेने उतरवून घ्या. उजव्या घोड्याचा मेणाचा ठसा सोबत द्या, नक्षी उलटी कोरायची आहे हे तोंडी सांगून भागत नाही. आणि परवाना-पेटी म्हणतात त्याप्रमाणे, खोदकाम करणाऱ्यालाच बंदूकवाल्याच्या दुकानात बोलवा. घोडा बाजारात फिरवू नका.

जुन्या करड्या रंगासाठी कोल्ड ब्लूचा (ताव न देता लावायच्या रंगाच्या रसायनाचा) एक हात लावा आणि चार शून्याच्या स्टील वुलने जवळजवळ सगळा पुसून काढा. खोलगट नक्षीत राहील तेवढाच ठेवा. चकचकीत काळा घोडा उजव्याशेजारी उपरा दिसेल.

लोहारसाळ

ताब्यात घेताना दुकानातच, रिकाम्या बंदुकीवर, स्नॅप कॅप (नकली सरावाचं काडतूस) घालून बघा.

विश्रांतीत दोन्ही घोडे पुढे दाबा, चाप न ओढता एकही हलता कामा नये. मग घोडा पूर्ण चढवा आणि अंगठ्याने मागून जोरात पुढे ढकला, सुटता कामा नये. चढवलेल्या अवस्थेत दस्ता जाड रबरी चटईवर वितभर उंचीवरून आपटा. एका नळीचा चाप ओढताना दुसरा घोडा पडत नाही ना, तेही पाहा. चापाचं वजन स्प्रिंगच्या काट्याने मोजायला सांगा: उजवा पावणेदोन किलोच्या आसपास, डावा दोन किलोकडे. डावा उजव्यापेक्षा हलका लागला तर नव्या सिअरचं नाक जास्त घासलं गेलंय, परत द्या.

स्ट्रायकरची टोकं दोन्ही सारखी, गोल असावीत, आणि चाप ओढून धरत घोडा पुढे दाबला की सव्वा मिमीच्या आसपास बाहेर यावीत. घोड्याचं नाक स्ट्रायकरच्या मधोमध ठोका देतंय का, हे नाकावर मार्करची शाई लावून एकदा पाडलं की कळतं. शाई कडेला पुसली गेली तर टोक जोडताना नव्हे, घोडा चौकोनावर बसवताना चूक झालीय.

शेवटचं, पाटी बसवताना. दोन्ही पाट्यांमधून जाणारा आडवा स्क्रू जुन्या खुणेपर्यंतच आवळायचा. जास्त आवळला तर पाटी लाकडात रुतते आणि सिअरची शेपटी (चाप जी उचलतो ती) लाकडाला घासते, मग चाप जड होतो किंवा सिअर खाचेत पूर्ण उतरतच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाशिककडच्या दमट हवेत दस्ता फुगतो आणि हेच घडतं. म्हणून डाव्या घोड्याची पुढे दाबायची तपासणी पावसाळ्यात एकदा पुन्हा करा. तेव्हा हलला तर पाटी काढून शेपटीजवळच्या लाकडावर काजळी लावायची, पाटी बसवून पुन्हा काढायची, आणि शेपटीवर काळा डाग उमटलेल्या जागीच लाकूड केसभर खरवडायला सांगायचं. सिअरला हात लावू द्यायचा नाही.